रिमोटचं हेलिकॉप्टर : ट्रिमला हात सर्वांत शेवटी

खेळण्यातलं हेलिकॉप्टर नीट उडेनासं झालं की बहुतेक जण आधी ट्रिमचं बटण दाबत सुटतात आणि त्यानं भागलं नाही की स्क्रूड्रायव्हर घेऊन बसतात. दोन्ही गोष्टी चुकीच्या वेळी होतात. ट्रिम ही धडधाकट हेलिकॉप्टरच्या वळण्यातला किरकोळ फरक रिमोटवरून मिटवण्याची सोय आहे. दांड्याला गुंडाळलेला केस किंवा निसटलेली कडी यांसारखा दोष तिच्यामुळे झाकला जातो, मिटत नाही. आणि न तपासता उघडलेलं हेलिकॉप्टर पुन्हा जोडताना एखादा नवा दोष हमखास घेऊन येतं.

तपासणीचा क्रम ठरलेला आहे : बॅटरी, रिमोट, हातानं तपासणी, सुरू करण्याची पद्धत, आणि मग ट्रिम. हा क्रम पाळला तर निम्म्याहून जास्त वेळा स्क्रू काढायची गरजच पडत नाही.

इथली माहिती एकावर एक दोन मोठे पंखे आणि शेपटीवर आडवा छोटा पंखा असलेल्या, तीन चॅनेलच्या (वर-खाली, पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे वळणं) हेलिकॉप्टरसाठी आहे. एकच मोठा पंखा आणि शेपटीवर उभा पंखा असलेल्या मॉडेलला बॅटरी, रिमोट आणि गिअरचे भाग लागू पडतील. वळण्याबद्दलचं पडणार नाही.

## कोणता भाग काय करतो

एवढं माहीत नसेल तर पुढचं निदान जमत नाही, म्हणून थोडक्यात.

वरचा आणि खालचा पंखा एकमेकांच्या उलट दिशेनं फिरतात. प्रत्येकाला वेगळी मोटर असते. खालचा पंखा पोकळ नळीवर बसवलेला असतो आणि त्या नळीच्या आतून जाणारा बारीक दांडा वरचा पंखा फिरवतो. दोघांचा जोर सारखा असला की नाक एका दिशेला स्थिर राहतं. वळायचं असेल तेव्हा सर्किट एका मोटरचा वेग वाढवतं आणि दुसरीचा कमी करतं. शेपटीचा पंखा शेपटी वर उचलतो किंवा खाली दाबतो, त्यामुळे हेलिकॉप्टर पुढे किंवा मागे जातं. सर्वांत वर, दोन्ही टोकांना वजनं असलेली आडवी दांडी म्हणजे फ्लायबार. ती एका छोट्या कडीनं वरच्या पात्यांना जोडलेली असते आणि हेलिकॉप्टर कलंडायला लागलं की पात्यांचा कोन बदलून त्याला सावरते.

डाव्या-उजव्या बाजूला सरकवण्याची सोय या रचनेत नाही. त्यामुळे नाक न वळता हेलिकॉप्टर हळूहळू एका बाजूला सरकत असेल तर तो लगेच दोष समजू नका. खोलीतली हवा थोडी जरी हलत असली तरी ते वाहवत जातं.

## टप्पा १ : तयारी

हाताशी हवं : बारीक चौफुली स्क्रूड्रायव्हर (शून्य आणि दुहेरी शून्य मापाचा), टोकदार चिमटा, भिंग, सुई, कानातल्या कापसाच्या काड्या, जुना टूथब्रश, स्क्रू ठेवायला वाटी आणि खाली अंथरायला पांढरा कागद किंवा कापड. मल्टिमीटर असेल तर बॅटरीच्या बाबतीत अंदाज बांधत बसावं लागत नाही.

जागा निदान ३ मीटर बाय ३ मीटर मोकळी हवी. पंखा आणि एसी बंद करा. फरशी गुळगुळीत असावी. गालिच्यावरून उड्डाण करू नका, कारण स्किड (हेलिकॉप्टर ज्यांवर उभं राहतं त्या खालच्या दांड्या) धाग्यांत अडकतात आणि गालिच्याचे तंतू थेट शेपटीच्या मोटरमध्ये जातात. रिमोट इन्फ्रारेड असेल तर उन्हाची तिरीप आत येऊ देऊ नका.

इशारा : हेलिकॉप्टरचं बटण बंद असल्याशिवाय पंख्याजवळ बोट नेऊ नका. पाती हलकी असली तरी डोळ्याला इजा करायला पुरेशी असतात. मोटर चालू ठेवून करायच्या प्रत्येक चाचणीत चेहरा पंख्यांच्या पातळीपासून दूर ठेवा आणि मोकळे केस बांधा.

## टप्पा २ : बॅटरी

या हेलिकॉप्टरमध्ये ३.७ व्होल्टचा एकच लिथियम पॉलिमर सेल असतो. पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ व्होल्ट दाखवतो, आणि ३ व्होल्टच्या खाली गेला की कायमचा खराब व्हायला लागतो. साधारण १५० ते २५० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीवर ५ ते ८ मिनिटं उड्डाण मिळतं.

१. उड्डाणानंतर १० ते १५ मिनिटं थांबा. गरम बॅटरी चार्जिंगला लावणं हे तिचं आयुष्य घटवण्याचं एक नेहमीचं कारण आहे. मोटरींनाही तेवढाच आराम मिळतो.

२. हेलिकॉप्टरचं बटण बंद करून मगच चार्जिंगची पिन लावा. बटण चालू राहिलं तर अनेक मॉडेलमध्ये चार्जिंग सुरूच होत नाही, आणि तास गेल्यावर ते लक्षात येतं.

३. दिव्याचा अर्थ पुस्तिकेत बघा. काही केबलमध्ये बॅटरी भरली की दिवा विझतो, काहींमध्ये भरली की लागतो. चार्ज न झालेली बॅटरी भरली आहे असं समजणारे यामुळेच फसतात.

४. सोबत आलेलीच केबल वापरा. दुसऱ्या खेळण्याची पिन बसली म्हणजे तिचा चार्जिंगचा प्रवाहही तेवढाच आहे असं नाही.

५. चार्जिंग टणक, न पेटणाऱ्या पृष्ठभागावर करा. गादीवर किंवा उशीजवळ नको, आणि चार्जिंगला लावून बाहेर जाऊ नका.

रिमोटमधूनच चार्ज होणारं मॉडेल असेल तर एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. हेलिकॉप्टरची बॅटरी रिमोटच्या सेलमधूनच भरत असते. ते सेल अर्धे उतरले असतील तर हेलिकॉप्टरही अर्धवटच भरतं. "चार्ज करूनही उचलत नाही" या तक्रारीचं उत्तर बऱ्याचदा रिमोटच्या सेलमध्ये सापडतं.

तपासा : पूर्ण चार्ज केल्यावर तासभर तसंच ठेवा आणि मल्टिमीटर लावा. ४.१ ते ४.२ व्होल्ट असेल तर बॅटरी चार्ज टिकवते असं समजून पुढे जा. चार्जिंग काही मिनिटांतच संपतंय आणि उड्डाण जेमतेम मिनिटभर मिळतंय, तर बॅटरी थकली आहे. पुढची कोणतीही दुरुस्ती करण्याआधी ती बदला.

इशारा : बॅटरी फुगली असेल तर ती दाबू नका, टोचू नका, "एकदा चार्ज करून बघू" असं करू नका. पेट घेऊ शकणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. घरच्या कचऱ्यात टाकू नका.

## टप्पा ३ : रिमोट

सगळे सेल एकदम बदला. तीन जुने आणि तीन नवे असं मिश्रण केलं तर जुने सेल नव्यांनाही खाली ओढतात. पुन्हा चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे असतात, साधे १.५ व्होल्टचे. सहा सेलच्या रिमोटमध्ये हा फरक जवळपास २ व्होल्टचा होतो. त्यामुळे काही रिमोट असे सेल घातले की सुरुवातीपासूनच कमी चार्जचा दिवा दाखवतात.

सेलच्या खाचेत पांढरी भुकटी दिसली तर सेल गळला आहे. कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पत्र्या पुसा, नंतर किंचित ओल्या काडीनं पुसून घ्या आणि पूर्ण कोरडं झाल्यावरच नवे सेल घाला.

इन्फ्रारेड रिमोट सिग्नल पाठवतोय की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. रिमोटचं तोंड कॅमेऱ्याकडे करून थ्रॉटल (मोठ्या पंख्यांचा वेग ठरवणारी स्टिक) वर केला की आतले दिवे जांभळट किंवा पांढरट लुकलुकताना दिसायला हवेत. काही मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्यात ते दिसत नाहीत, तेव्हा पुढचा कॅमेरा वापरून बघा. दिवे लागत असतील तर रिमोट सुटला, शोध हेलिकॉप्टरमध्ये घ्या.

रिमोटवर ए, बी, सी असे बँड असतील तर हेलिकॉप्टरशी जुळणारा बँड लावा. एकाच खोलीत एकाच बँडवरची दोन हेलिकॉप्टरं असली की एकाच्या रिमोटनं दुसरंही हलतं, आणि मग "आपोआप उडतंय" अशी तक्रार येते. इन्फ्रारेडचा पल्ला खोलीत साधारण ८ ते १० मीटर असतो. उघड्यावर, उन्हात तो जवळजवळ संपतो. हेलिकॉप्टर खिडकीजवळ गेलं की दगडासारखं खाली पडत असेल तर कारण बहुतेक हेच. रेडिओ लहरींवर चालणाऱ्या २.४ गिगाहर्ट्झच्या रिमोटला उन्हाचा त्रास नाही.

## टप्पा ४ : बटण बंद ठेवून हातानं तपासणी

खरं काम या टप्प्यात आहे, आणि नेमका हाच टप्पा लोक गाळतात. दहा मिनिटं लागतात. पांढऱ्या कागदावर चांगल्या उजेडात बसा आणि वरून खाली या.

फ्लायबार. एक टोक बोटानं वर उचला. दुसरं तेवढंच खाली जायला हवं आणि त्याचबरोबर वरच्या पात्यांचा कोन बदलायला हवा. कोन बदलला नाही तर कडी निसटली आहे. आपटल्यावर ही कडी तिच्या गोळीवरून निघते, तुटत नाही. चिमट्यानं हलकेच दाबली की टक्कन बसते. बसवल्यावर ती सैलसर हलते ना, ते पाहा. घट्ट असेल तर चार-पाच वेळा पुढे-मागे हलवा. अडकत हलणाऱ्या कडीमुळे हेलिकॉप्टर हवेत गोलगोल हेलकावे खातं. फ्लायबारची दांडी वाकली असेल तर सरळ करायच्या भरीस न पडता बदललेली बरी.

पाती. प्रत्येक पात्याच्या कडेवरून नख फिरवा. चीर, तुटका कोपरा, मुळाशी पांढरट पडलेला पट्टा यांपैकी काही सापडलं तर पातं बदला, आणि समोरच्या जोडीदारासह बदला. एक नवं आणि एक जुनं यांचं वजन सारखं नसतं. तुटलेलं पातं चिकटवू नका. डिंकाच्या एका थेंबाचं वजनसुद्धा त्या वेगाला जाणवतं. शिवाय चिकटवलेलं पातं उडताना सुटलं की कुठे जाईल याचा नेम नाही.

पात्यांवर मुळाशी ए आणि बी अशी खूण असते. वरच्या पंख्याची पाती एका खुणेची, खालच्याची दुसऱ्या. बदलताना ही अदलाबदल झाली तर पंखे जोरात फिरतात, आवाजही करतात, पण हेलिकॉप्टर जमीन सोडत नाही. खूण पुसली असेल तर असं ओळखा : पंखा ज्या दिशेनं फिरतो त्या दिशेची पात्याची कड मागच्या कडेपेक्षा वर असायला हवी. उलट असेल तर पातं हवा वर ढकलतंय.

पात्यांचे स्क्रू. हेलिकॉप्टर आडवं धरा. पाती स्वतःच्या वजनानं खाली लोंबली पाहिजेत. ती ताठ राहिली तर स्क्रू जास्त आवळलेत. हे बऱ्याच जणांना पटत नाही, पण पाती सैल असणंच बरोबर आहे. फिरताना ती आपोआप बाहेर ताणली जाऊन सरळ रेषेत येतात. घट्ट आवळलेलं पातं वाकड्या जागी अडकून बसतं आणि अख्खं हेलिकॉप्टर थरथरतं. स्क्रू पूर्ण आवळून मग पाव फेरा सैल करा आणि लोंबण्याची चाचणी पुन्हा घ्या. स्क्रू सारखा निघून येत असेल तर प्लॅस्टिकचं भोक मोठं झालं आहे, तो भाग बदला.

दांडा. वरच्या पंख्याची पकड धरून हलकेच वर-खाली करा. केसभर हालचाल चालते. त्याहून जास्त असेल तर दांडा अडवणारी कडी खाली सरकली आहे. ती दाबून मूळ जागी बसवा. आता वरचा पंखा बोटानं अगदी सावकाश फिरवा आणि दांड्याच्या टोकाशी एक पेन्सिल स्थिर धरा. टोक जागच्या जागी फिरलं पाहिजे. छोटं वर्तुळ काढत असेल तर आतला दांडा वाकला आहे. वाकलेला दांडा पक्कडीनं सरळ होत नाही, दुसरीकडे वाकतो.

केस आणि धागे. नळी सांगाड्यात शिरते ती जागा, आतला दांडा नळीतून बाहेर येतो ती जागा, मोठ्या गिअरच्या खालची बाजू आणि शेपटीच्या पंख्यामागची मोटर, या चार ठिकाणी भिंग लावून बघा. एक केस दहा वेढे घेऊन बसलेला असतो आणि काळ्या दांड्यावर तो दिसतच नाही. सुईनं उचला, चिमट्यानं धरा, उलटा फिरवून काढा. ब्लेडनं कापू नका, नळीवर चरा पडतो.

गिअर. खालचा पंखा बोटानं फिरवा, मग वरचा. दोघांना लागणारा जोर सारखा असायला हवा, आणि एक फिरताना दुसरा ओढला जायला नको. टकटक करत एकाच जागी अडकत असेल तर दात तुटला आहे किंवा दातांत कचरा आहे. कोरड्या टूथब्रशनं साफ करा. पंखा फिरतोय पण मोटर फिरल्याची बारीक कुरकुर हाताला जाणवत नाही, असं असेल तर मोटरच्या टोकावरचा छोटा गिअर, म्हणजे पिनियन, दांड्यावर सैल झाला आहे.

शेपटी. पंखा फुंकर मारून फिरवा. अडखळायला नको. शेपटीच्या नळीतून आलेल्या दोन तारा दोन्ही टोकांना हलकेच हलवून बघा. या तारा फारच बारीक असतात आणि डाग (सोल्डर) दिलेल्या जागी तुटतात.

इशारा : तेल लावायचंच तर शिलाई मशीनचं, सुईच्या टोकावर राहील तेवढंच, आणि फक्त दांडा जिथे घासतो तिथे. गिअर कोरडेच ठेवा, तेलावर धूळ बसून त्यांचा पॉलिश पेपर होतो. गंज सोडवणारा स्प्रे इथे अजिबात नको. तो मोटरच्या आत जातो.

## टप्पा ५ : सुरू करण्याचा क्रम

आतला जायरो (नाकाचं वळण ओळखणारा सेन्सर) सुरू होताना त्या क्षणाची स्थिती स्थिर समजून लक्षात ठेवतो. हेलिकॉप्टर हातात धरून किंवा चालत-चालत बटण दाबलं तर त्याला चुकीची स्थिती शिकवली जाते, आणि मग ते पूर्ण उड्डाणभर एका बाजूला वळत राहतं. इथे ट्रिमला दोष देण्यात अर्थ नाही. बंद करून पुन्हा सुरू करा.

१. रिमोटची थ्रॉटलची स्टिक अगदी खाली आणि ट्रिम मध्यावर आणा.

२. हेलिकॉप्टरचं बटण सुरू करा आणि ते लगेच सपाट फरशीवर, शेपटी तुमच्याकडे करून ठेवा. नंतर हात लावू नका.

३. रिमोट सुरू करा. अनेक इन्फ्रारेड मॉडेलमध्ये स्टिक एकदा पूर्ण वर नेऊन पूर्ण खाली आणावी लागते, तेव्हाच जोडणी होते. २.४ गिगाहर्ट्झच्या काही मॉडेलमध्ये रिमोट आधी सुरू करायचा असतो, म्हणून इथे पुस्तिकेतला क्रम पाळा.

४. हेलिकॉप्टरवरचा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वाट बघा. काही सेकंदांची गोष्ट असते, पण घाई इथेच होते.

बंद करताना आधी हेलिकॉप्टर आणि मग रिमोट.

तपासा : उडवण्याआधी स्किड घट्ट धरून, हात लांब करून, थ्रॉटल हळूहळू निम्म्यापर्यंत न्या. बारीक गुणगुण जाणवणं ठीक. हाताला झिणझिण्या येतील एवढा कंप असेल तर टप्पा ४ वर परत जा. कुणाला तरी दोन-तीन मीटरवरून, पंख्यांपेक्षा थोडं खालून बघायला सांगा. एका पंख्याच्या दोन पात्यांची मिळून एकच रेघ दिसायला हवी. दोन रेघा दिसल्या तर त्या जोडीतलं एक पातं पिळलं गेलं आहे.

## टप्पा ६ : उचलणं, आणि आता ट्रिम

नवशिके हेलिकॉप्टर जमिनीपासून वीतभर उंचीवर धरून ठेवायचा प्रयत्न करतात. तिथेच ते सर्वांत वाईट वागतं, कारण पंख्यांनी खाली ढकललेली हवा फरशीवर आपटून परत वर येते. थ्रॉटल धिटाईनं पण झटका न देता वाढवा आणि हेलिकॉप्टर साधारण १ मीटरवर न्या. तिथे अर्धा मिनिट राहू द्या. ताज्या चार्जवर, थंड मोटरींनी पहिल्या काही सेकंदांत दिसणारं वळण खरं नसतं.

मग नाक बघा. डावीकडे वळत असेल तर ट्रिम उजवीकडे एक टिचकी, दोन सेकंद थांबा, पुन्हा एक. उजवीकडे वळत असेल तर उलट. संपूर्ण वळण थांबवण्याचा हट्ट नको. वीस सेकंदांत एखादा फेरा होत असेल तर तेवढं स्टिकनं सांभाळता येतं.

ट्रिम टोकाला नेऊनही वळण थांबत नसेल तर खाली उतरवा. बिघाड ट्रिमच्या आवाक्याबाहेरचा आहे.

इशारा : आपटणार असं वाटलं त्या क्षणी थ्रॉटल शून्यावर आणा. हवेत असतानाच. पडल्यामुळे होणारं नुकसान सहसा किरकोळ असतं. पडल्यानंतर अडकलेल्या पंख्याला वीज मिळत राहिली तर मोटर न फिरता प्रचंड प्रवाह खेचते, गिअरचे दात सोलले जातात आणि सर्किटवरचा मोटर चालवणारा ट्रान्झिस्टर जळतो. वाचवण्यासाठी थ्रॉटल वाढवणं ही बोटांची उपजत सवय असते, ती आधी मोडावी लागते.

## टप्पा ७ : तरीही दोष उरला असेल तर

गरगर फिरतं. कोणत्या दिशेला फिरतंय ते वरून बघा. घड्याळाच्या दिशेनं फिरत असेल तर जो मोठा पंखा घड्याळाच्या दिशेनं फिरतो तो कमजोर आहे. कारण प्रत्येक पंखा सांगाड्याला स्वतःच्या उलट दिशेनं रेटत असतो. एकाचा रेटा कमी पडला की दुसऱ्याचा जिंकतो, आणि सांगाडा कमजोर पंख्याच्याच दिशेनं वळतो. म्हणजे उघडण्याआधीच कोणती बाजू शोधायची ते कळतं. त्या पंख्याचा केस, पिनियन, पाती आणि शेवटी मोटर, असा शोध घ्या.

पंखे फिरतात पण उचलत नाही. बॅटरी, मग पात्यांची अदलाबदल, मग दांड्यावरचे केस. नुकतीच मोटर बदलली असेल तर तिच्या तारा उलट जोडल्या गेल्यात का ते बघा. पंखा उलटा फिरला तर आवाज तसाच येतो, उचल मिळत नाही.

सतत पुढे किंवा मागे जातं. फ्लायबारची दोन्ही टोकं दोन बोटांवर धरून हेलिकॉप्टर लटकवा. सांगाडा सपाट किंवा नाक किंचित खाली असावं. शेपटी खाली झुकत असेल तर ते मागेच जाणार. जास्त जड किंवा भलत्या जागी बसवलेली बॅटरी हे नेहमीचं कारण. नाकाच्या आत अर्धा-एक ग्रॅम मातीची गोळी चिकटवली की फरक पडतो.

पुढे-मागे अजिबात जात नाही. स्टिक पुढे केल्यावर शेपटीचा पंखा फिरतो का बघा. फिरत नसेल तर तार तुटली आहे किंवा मोटर गेली आहे. पुढे ढकलल्यावर मागे जात असेल तर त्या दोन तारांची अदलाबदल झाली आहे.

बटण दाबताच एक पंखा पूर्ण जोरात फिरतो. रिमोट बंद असतानाही तसंच होत असेल तर ट्रान्झिस्टर जळून सतत चालू अवस्थेत अडकला आहे. लगेच बंद करा. सुटा बोर्ड मिळत असेल तर बदला, नाहीतर उरलेल्या मोटरी आणि पाती दुसऱ्या हेलिकॉप्टरसाठी राखून ठेवा.

चांगलं उडतं, पण दोन मिनिटांत खाली येतं. मोटरींना बोट लावा. एक चटका बसेल एवढी गरम आणि दुसरी कोमट असेल तर गरम बाजूला काहीतरी घासतंय. दोन्ही सारख्याच कोमट असतील तर बॅटरी.

## टप्पा ८ : भाग बदलताना

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि उडवून बघा. पाती, मोटर आणि बॅटरी एकदम बदलली आणि हेलिकॉप्टर सुधारलं, तर कशामुळे सुधारलं ते कळत नाही. बिघडलं तर त्याहून पंचाईत. उघडण्याआधी तारांच्या रंगांचे फोटो काढा आणि स्क्रू ज्या जागेचे त्याच क्रमानं ठेवा. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेला की तो आतल्या तारेत घुसतो.

पिनियन सैल झाला असेल तर दांडा आणि पिनियनचं भोक पुसून घ्या. इन्स्टंट गोंद सुईच्या टोकावर घेऊन फक्त दांड्याच्या टोकाला लावा, पिनियन दाबून बसवा आणि मोटर उभी, पिनियन खाली करून वाळू द्या. गोंद मोटरच्या तोंडात ओघळला तर मोटर संपली.

मोटर पुढे-मागे सरकवून आवळण्याची सोय असेल तर पिनियन आणि मोठा गिअर यांच्यात पातळ कागदाची पट्टी ठेवून मोटर आवळा आणि मग गिअर फिरवून पट्टी बाहेर काढा. राहिलेलं अंतर बरोबर असतं.

डाग देण्याचं काम बॅटरी सोडवल्याशिवाय करू नका. १५ ते २५ वॅटची, बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न पुरे. टोक दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवलं तर बोर्डावरची तांब्याची टिकलीच उचकटून येते. शेपटीच्या काही तारांवर वार्निशचा थर असतो. तो खरवडल्याशिवाय डाग धरत नाही, वरवर धरल्यासारखा दिसतो आणि पहिल्याच धक्क्याला सुटतो. बॅटरी डाग देऊन जोडलेली असेल तर तिच्या दोन तारा कधीही एकदम कापू नका. कात्रीच्या पात्यातून शॉर्ट होतं. एक कापा, टोकाला टेप लावा, मग दुसरी. हे काम मुलांकडे सोपवू नये.

नवी बॅटरी ३.७ व्होल्टचीच आणि जुनीच्या वजनाच्या एक-दोन ग्रॅममधली घ्या. जास्त मिलिअँपिअरच्या मोहात घेतलेली जड बॅटरी उड्डाण वाढवण्याऐवजी कमीच करते. प्लग बसला तरी आधी लाल तार लाल तारेसमोरच येते का ते डोळ्यांनी बघा. एकसारख्या दिसणाऱ्या प्लगमध्ये तारा उलट असलेल्या बॅटऱ्या सर्रास मिळतात, आणि उलट जोडणीला बोर्ड क्षणभरही तग धरत नाही.

## टप्पा ९ : ठेवताना

प्रत्येक उड्डाणानंतर केस शोधणं, कडी बघणं आणि पाती लोंबतात का पाहणं, एवढं दोन मिनिटांत होतं. पुढचे काही आठवडे उडवायचं नसेल तर बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका, ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. मल्टिमीटर नसेल तर पूर्ण चार्ज करून तीन-चार मिनिटं उडवा आणि तिथेच थांबा. बॅटरीचा प्लग काढता येत असेल तर काढून ठेवा, कारण बटण बंद असूनही काही बोर्ड थोडीथोडी वीज घेत राहतात. दोन-तीन महिन्यांनी एकदा व्होल्टेज बघा आणि उतरलं असेल तर थोडं भरा. रिमोटमधले सेल काढा. हेलिकॉप्टर खोक्यात स्किडवर उभं ठेवा. आडवं टाकलेल्या हेलिकॉप्टरची खालची पाती महिन्याभरात वाकतात, आणि मग सगळं नीट असूनही ते थरथरतं.